काचेचं दुसरं टोक

—नाही बाई, त्या स्टुलावर नको. त्यावर काचेचा चुरा असतो, डोळ्यांना दिसत नाही, बसल्यावर कळतो — मला लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी कळला होता, आणि नव्या नवरीला असल्या जागचं दुखणं कुणाला सांगताही येत नाही. ही खुर्ची घ्या. अशी, दाराकडे पाठ करून. अहो, ऊन येतं डोळ्यांवर, म्हणून. आणि समोरून सलूनवाले काका बघतायत, म्हणूनही. वळू नका! बघतायत म्हटलं की माणूस वळतोच, पण तुम्ही तर बाई, फळ्याकडे तोंड करून उभ्या असतानाही तुम्हाला मागचा बाक दिसायचा म्हणे — आमचे हे सांगतात, अजून सांगताना कान चोळतात. मी काही तुमच्या हाताखाली शिकले नाही. पाच महिने झाले मला ह्या गल्लीत येऊन. पण इथला प्रत्येक माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, ‘मी बाईंचा विद्यार्थी.’ तुमच्या दारावर थुंकणारासुद्धा. सलूनवाले काका तर म्हणतात, ‘बाईंना गणित येतं, देश येत नाही.’ असं म्हणतात आणि वर हसतात, आणि ज्याच्या गालावर वस्तरा असतो त्यालाही हसावं लागतं.

आत टकटक ऐकू येतेय ना? सासूबाई आहेत. जुन्या चौकटींची वाळलेली पुट्टी पटाशीनं काढतात, सकाळपासून दुपारपर्यंत तेच काम. ती टकटक चालू आहे तोवर बोलू आपण. थांबली की मी मोठ्यानं हवापाण्याचं बोलायला लागेन, तेव्हा नवल करू नका.

तर तावदान. माडीवरचं ना? माप सांगू नका, ती चिठ्ठी असू द्या पिशवीत. थांबा, आणते — ह्या कपाटामागे ठेवलंय, उभंच ठेवावं लागतं, काच आडवी ठेवली की स्वतःच्याच वजनानं — हं. हे बघा. अडीच फूट बाय पावणेदोन, आणि उजवा खालचा कोपरा दोन सूत, पाव इंचभर, आत. तुमच्या चौकटीचा तेवढा कोपरा बसलाय, नुसत्या डोळ्याला कळत नाही, काटकोन बघायचा गुण्या लावला की कळतं. सरळ चौकोनी काच नेली असतीत तर बसवताना तडकली असती. ही नाही तडकणार. कडा बघा, कुठे चिरफळी नाही. मी कापलीय. हो, मी! भाऊजींनी शिकवलं मला, तिकडे लढाईवर जायच्या आधी, एक महिना होता त्यांच्याजवळ — म्हणायचे, ‘वहिनी, काचेवर जोर करायचा नाही, तिला फक्त सांगायचं कुठून तुटायचंय, आणि बोललेलं पुन्हा बोलायचं नाही.’ रेघ एकदाच. दुसऱ्यांदा कापायचा हिरा फिरवला की काच बिथरते. ह्यांना अजून पटत नाही, म्हणतात बायकांच्या हाताला —

असं का बघताय?

कधी कापली म्हणजे? सकाळी. आज सकाळी — नाही. सकाळी तर मी ह्यांच्याबरोबर… हं. तुम्हाला खोटं सांगायला बसलं की मलाही कान चोळावेसे वाटतायत. परवा कापली, बाई. परवा दुपारी. आणि फुटली काल संध्याकाळी. बरोबर आहे तुमचं, आधी फुटते आणि मग कापतात, जगाची रीत तीच आहे. पण असं बघा, महिन्याभरात तुमचं खालचं तावदान दोनदा फुटलं, दोन्ही वेळा तेच, ज्यावर तुम्ही रोज सकाळी कागद लावता. तिकडे किती माणसं मेली त्याचा आकडा. बरं, नुसता आपल्यांचा लावला असतात तर कदाचित लोकांनी डोळे पुसले असते, पण तुम्ही पडलात गणिताच्या बाई, तुम्ही दोन्हीकडचे मिळवले! ‘त्यांचे कशाला मोजता?’ — ह्यावर सलूनमध्ये आठवडाभर दाढ्या झाल्या. तर परवा सकाळी तो कागद खालून उठला आणि माडीवरच्या खिडकीत जाऊन चिकटला, चांगला मोठा, अख्खं तावदान झाकेल एवढा. मग आता तेच फुटणार, ह्याला काय ज्योतिषी लागतो? आणि माप आमच्या मापवहीत होतंच, भाऊजींच्याच अक्षरात, सातआठ वर्षांपूर्वीचं — ‘बाईंची माडी. उ. खा. कोपरा दोन सूत आत. बाई चहा दोनदा देतात.’ म्हणून म्हटलं, कापून ठेवावी. दुकानदारी हो, दुसरं काय. सध्या आमचा धंदा असाच चाललाय. तुमच्या बाजूची मुलं भरती कार्यालयाच्या काचा फोडतात, त्यांच्या बाजूचे तुमच्या. युद्ध तिकडे साता समुद्रांपलीकडे, आणि काचा इकडे.

चहा घ्या ना. गार होतोय.

…काय आहे ते? पिशवीतून काय — रुमालात काय बांधलंय?

ओ.

नको. उघडू नका पूर्ण. झाका. दिसलं मला. कुठे सापडला, खोलीत, जमिनीवर? रंग बघितलात तुम्ही त्याचा. अर्थात बघितलात. दगड नाहीच तो. वाळलेल्या पुट्टीचा गोळा, आणि पुट्टी तांबूस. ह्या शहरात पुट्टीत गेरू घालणारं दुकान एकच, आमच्या सासऱ्यांची सवय होती, ते गेले, सवय राहिली. वाळली की दगडाला ऐकत नाही. म्हणजे तुम्ही काचेसाठी आलाच नव्हतात, हे विचारायला आला होतात. आणि मी आपली पट्टी घेऊन कोपरा दाखवतेय.

नाही, सलूनवाले काका नाहीत. त्यांचा काय संबंध! ते मिरवतायत, बाई, मिरवू द्या. मागच्या वेळी पोलिसांनी चौकीवर बोलावलं, दोन तास बसवलं, तेव्हापासून खुर्ची रिकामी नसते त्यांची. पोरं येऊन पाठ थोपटतात. मी विचारलं एकदा, ‘काका, खरंच तुम्ही?’ तर आरशात बघत म्हणाले, ‘मी हो म्हटलं नाही, सूनबाई, आणि नाहीही म्हटलं नाही.’ अहो, त्या माणसाचा उजवा खांदा आखडलाय, वरच्या फळीवरची पावडर काढायची तर गिऱ्हाइकाला उठवतात. ते काय माडीपर्यंत फेकणार. आणि आमचे हेही नाहीत. हे त्या युद्धाच्या पाठिंबा समितीत आहेत, बिल्ला लावतात, ते खरं. पण काल हे आणि मी बरोबरच होतो. भरती कार्यालयाची मोठी काच गाडीतून उतरवत होतो, एक टोक ह्यांच्या हातात, एक माझ्या.

मग राहिलं कोण, असं बघताय ना.

ऐका. टकटक ऐका.

पहिल्यांदा मलाही खरं वाटलं नव्हतं. सासूबाईंना तुम्ही ओळखता, त्या मुंगी चिरडली तर दिवसभर हळहळतात. पण काल मी स्वतः बघितलं. त्या म्हणाल्या, ‘जरा दूध घेऊन येते,’ आणि निघाल्या, आणि मी बघितलं तर भांडं ओट्यावरच आणि मूठ पदराखाली. मी त्यांना दोन दिवस एकटं सोडलं नव्हतं, बाई, परवापासून सावलीसारखी मागे होते, पण नेमकं तेव्हा काचेचं टोक माझ्या हातात. सहा फुटी काच. हातात काच असली की माणूस ती सोडून धावू शकत नाही, ओरडूही शकत नाही, कारण ओरडलं की समोरचा दचकतो. ती काच माझ्या नाकासमोर उभी, आणि तिच्यातून मला दिसतंय — सासूबाई गल्ली चढतायत, सावकाश, थांबतायत, तुमच्या घरासमोर, वर बघतायत. मी म्हणतेय मनात, ‘आई, नको. ह्या खिडकीला नको. दुसरी कुठलीही.’ आणि हे म्हणतायत, ‘अगं लक्ष कुठे आहे, कोपरा सांभाळ.’ मग आवाज आला. हे हसले. म्हणाले, ‘झालं, काकांनी नेम साधला.’ आपल्या आईचा नेम, आणि कौतुक काकांना!

द्वेष नाही हो. देशभक्तीही नाही. सासूबाईंना ते युद्ध कुठे चाललंय हे नकाशावर दाखवता येणार नाही, मला तरी कुठे येतंय. त्यांना तुमचा आकडा सहन होत नाही, एवढंच. जवळचं अक्षर दिसत नाही त्यांना — काचेच्या दुकानात राहून चष्मा नाही, कधी करू म्हटलं की ‘आता कशाला’ — पण लांबचं सगळं लख्ख दिसतं. रोज सकाळी पाव आणायला जाताना तुमच्या घरासमोर उभ्या राहतात. काल एवढे होते, आज एवढे. मग परत येतात आणि मला विचारतात, ‘अगं, चार वाढले. त्या चारांत नावं कुठे लिहिलेली असतात?’ मी काय सांगू? ‘नसतात, आई.’ ‘मग त्या बाईला कसं कळतं?’ तुम्ही दुःखानंच लावत असाल तो कागद, मला माहीत आहे. पण त्यांना वाटतं, तुम्ही रोज एक पेटी बंद करून खिडकीत ठेवता, आणि आत त्यांचा धाकटा आहे की नाही हे सांगत नाही.

पत्र? नाही, पत्र येत नाही. म्हणजे आलं होतं. एकच, दोन महिन्यांपूर्वी. मी वाचून दाखवलं त्यांना. सगळं व्यवस्थित — जेवण बरं आहे, थंडी फार आहे, दोस्त चांगले आहेत, तुझी आठवण येते…

त्यात तसलं काही नव्हतं.

मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. लग्नाला पाच महिने आणि नवऱ्यापासून लपवलेल्या गोष्टी तीन, सरासरी काही वाईट नाही म्हणा. पत्र आईच्या नावानं होतं पण लिहिलेलं मला होतं, भाऊजींना ठाऊक होतं वाचणार कोण. लिहिलं होतं — मला पाठ आहे — ‘वहिनी, हे आईला वाचून दाखवू नका. परवा एका गावात आम्हाला घरांच्या खिडक्या फोडायला लावल्या. बंदुकीच्या दस्त्यानं. आत माणसं होती, बाहेर बर्फ होतं. मी काच बसवणारा माणूस आहे. माझ्याच्यानं हे होणार नाही. मी येतोय. कसा ते विचारू नका.’ बस. आणि सासूबाई समोर बसलेल्या, हात मांडीवर, शाळेतल्या मुलीसारख्या. कागदावरून नजर न काढता मी बोलत गेले, जेवण, थंडी, दोस्त. मला वाटलं, एकदाच तर बोलायचंय. रेघ एकदाच. पण त्या रोज संध्याकाळी ते पत्र वाचायला सांगायच्या! रोज तेच, त्याच शब्दांत, आणि मी लिहून ठेवलं नव्हतं, बाई, खोटं कुणी लिहून ठेवत नाही, तिथेच फसायला होतं. एका संध्याकाळी मी थकले होते, आणि म्हटलं, ‘इथे ऊन फार आहे.’ त्यांनी मान वर केली. मग म्हणाल्या, ‘काल थंडी होती.’ मी म्हटलं, ‘हो हो, थंडीच, चुकले.’ त्यांनी माझ्या हातातून पत्र घेतलं, घडी घातली, उशीखाली ठेवलं, आणि त्यानंतर एकदाही वाच म्हणाल्या नाहीत. आईला काय कळायचं ते कळलं, पण उलटं कळलं. त्यांना वाटलं, पत्रात तो गेल्याचं आहे, आणि ही पोर लपवतेय. दुसऱ्या दिवशी तुमचं खालचं तावदान फुटलं. पहिल्यांदा.

तेव्हा गोळा त्यांनी फेकला खरा. हातात मी दिला होता.

नाही, बसा. बसा, बाई. उठू नका, काका बघतील, काच न घेता निघालात तर काय समजतील. मला अजून एक बोलायचंय, आणि मग तुम्ही मला नाही म्हणा, हसा, काय वाटेल ते करा. मागच्या मंगळवारी आम्ही तुमच्याकडे खालचं तावदान बसवायला आलो होतो. हे पुढे काम करत होते, मी पाणी प्यायला तुमच्या स्वयंपाकघरात गेले. तिथली मागची खिडकी, जिची काच वर्षानुवर्षं खडखडते म्हणून मापवहीत लिहिलंय, ती खडखडत नव्हती. नवी पुट्टी. कुठून आणलीत, कशाची केलीत देव जाणे, खडू आणि जवसाचं तेल असावं, पण लावलेली अशी सुरेख, एकसारखा उतार, आणि चारी कोपऱ्यांत सुरीऐवजी अंगठ्यानं वळवलेली. डाव्या अंगठ्यानं. आणि त्या ठशाच्या मधोमध आडवी चीर. त्या अंगठ्याला काच लागली तेव्हा टाके घातलेले, मला भाऊजी रोज दाखवून सांगायचे, ‘वहिनी, ही माझी सही.’

मी तिथे उभी राहिले. हसू आलं आधी, खरं सांगते. म्हटलं, अर्ध्या जगातून जीव मुठीत धरून पळत आलात, लष्कर शोधतंय, सावलीला उभं राहायची सोय नाही, आणि खडखडणारी काच तेवढी सहन झाली नाही! चोरून राहायला आलेला माणूस खिडकी दुरुस्त करून त्यावर सही करून बसला. ही चूक आमच्याच घरातलं कुणीतरी करू जाणे. मग ह्यांची पावलं ऐकू आली मागे. मी चारी कोपऱ्यांवरून माझा अंगठा फिरवला, भराभर. हे म्हणाले, ‘काय गं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, धूळ.’ तुमच्या हातातला तांब्या तेव्हा कलला होता थोडा. मला वाटलं तुम्हाला कळलं, मला कळलंय ते. नव्हतं कळलं? म्हणजे तुम्ही आठवडाभर नुसतीच काळजी करत होतात, आणि मी नुसतीच गप्प होते. छान.

मान हलवू नका, बाई. मागून काकांना दिसते.

आता तुम्हीच जुळवून बघा. परवा सकाळी लष्कराची जीप गल्लीत आली. आमच्या दुकानाशी थांबली, ह्यांच्याशी बोलले ते, पाचच मिनिटं. हे आत आले तेव्हा ओठ पांढरे. सासूबाईंनी विचारलं, कोण रे? तर म्हणाले, ‘काही नाही, पत्ता विचारत होते.’ ह्यांना आता माहीत आहे की भाऊ पळालाय. मला नाही सांगितलं, आईला नाही सांगितलं. रात्रभर कूस बदलत होते आणि सकाळी उठून बिल्ला जरा जास्तच सरळ लावला. ह्यांना लाज वाटतेय की भीती, मला अजून कळलेलं नाही, पाच महिन्यांत तेवढं कळतही नसावं. आणि ती जीप वळणावर दिसेनाशी होते ना होते, तुमचा आकडा माडीवर गेला. तिथे इतकी वर्षं पडदा नव्हता. एकदम पडदा लावला असतात तर गल्लीनं विचारलं असतं, कोण आलंय? आकडा लावला तर कुणी विचारत नाही, नुसतं मारतात. मी गल्लीत उभी राहून वर बघितलं आणि घरी येऊन काच कापली. ती खिडकी उघडी राहायला नको, तासभरही नको, म्हणून. आणि आज तुम्ही आलात ते सरळ इकडे. आधीच्या दोन्ही वेळा आधी चौकीवर गेला होतात, बाई. आज नाही गेलात.

लागलं का त्यांना?

बोलू नका, बोटानं दाखवा. …भुवई. डोळा? डोळा बरा आहे ना? नक्की? काच निघाली सगळी? अंधारात हात फिरवून नाही कळत, विजेरी तिरकी धरायची, चमकते. त्यांनाच येईल, त्यांना सांगा, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटांतल्या काढल्यात. काय म्हणाले ते? — हसले? गोळा बघून? ओळखला असणार. ‘आमचीच पुट्टी.’ कुणी फेकला तेही… नाही? तुम्ही त्यांना विचारलंत, कोण असेल, तर काय म्हणाले? ‘दादा.’ दादा म्हणाले? अरे देवा. त्यांना वाटतंय भावानं मारला. आणि भाऊ तिकडे काकांचं कौतुक करतोय. आणि आई इथे दहा पावलांवर पुट्टी काढतेय.

बरं. बरं, ऐका, रडायला आपण नंतर बसू. हे एक वाजता येतील. आल्या आल्या म्हणतील, ‘बाईंची काच मी बसवून येतो’ — समितीत असले तरी तुमचे विद्यार्थी आहेत, काम दुसऱ्याला करू देणार नाहीत — आणि शिडी घेऊन सरळ माडीवर. त्यांना तुम्ही काय सांगून अडवणार? आणि हे नाही आले तर उद्या कॉलेजची मुलं येतायत. भिंतींवर पत्रक लागलंय, ‘बाईंच्या खिडकीखाली.’ शंभर-दीडशे पोरं, फुटलेल्या खिडकीचे फोटो काढायला वर्तमानपत्रवाले, ते एवढाले कॅमेरे, आतल्या भिंतीवरचा खिळा दिसेल. पाठीशी उभे राहणारे दगड मारणाऱ्यांपेक्षा जवळ येतात, हा त्रास आहे त्यांचा. तेव्हा काच आज. आत्ता. वर जे आहेत, ते ती पाच मिनिटांत बसवतील, सांगायलाही नको, फक्त कोपऱ्यांत सही करू नका म्हणावं. पण ही नेणार कशी? जाड काच आहे, मी मुद्दाम जाड घेतली. तुम्ही एकट्या सत्तरीच्या, आणि तो वळणाचा जिना. ही दोघांनी न्यायची वस्तू आहे. मी आले असते, पण दुकान उघडं टाकून गेले तर काका इथे येऊन बसतील आणि हे आले की सगळं तिखटमीठ लावून —

दोघांनी न्यायची.

नाही, ऐका तर. मला माहीत आहे तुम्ही का नको म्हणताय. सासूबाई ओरडतील. त्या धाय मोकलून रडतील, अख्खी गल्ली गोळा होईल. हेच मी म्हणतेय दोन महिने! ह्यांनी तेच केलं, भाऊजींनी तेच लिहिलं, ‘आईला वाचून दाखवू नका.’ सगळ्यांनी मिळून त्यांना जपलं. आणि जपता जपता त्या रोज एकेका आकड्यात पोरगा पुरतायत, आणि काल त्यांनी — एक बोट खाली लागला असता गोळा, तर डोळा होता, बाई. त्यांना हे कधीतरी कळणारच. अजून एक दिवस जपलं तर आज संध्याकाळी दुसरा गोळा. पुट्टी भरपूर आहे आत. आणि त्यांच्यावर कुणाला संशय यायचा नाही. सैनिकाची आई बाईंकडे काच पोचवायला गेली, तर काका म्हणतील, केवढं मन मोठं —

थांबली.

…तर ऊन हे असं, बाई, आणि संध्याकाळी वारा, काचेला दोन्ही सोसत नाही! — या, आई. या ना. बाई आल्यात, माडीवरचं तावदान न्यायला. नाही, हे नाहीत अजून. आई, ती पटाशी ठेवा. ठेवा हो खाली.

…

बाईंकडे काय बघता, माझ्याकडे बघा. हो, त्यांच्या रुमालातला तो गोळा आपलाच आहे. बाईंनी आणून दिला. त्या काही म्हणाल्या नाहीत, म्हणणारही नाहीत. आई, बसा क्षणभर — नको, बसूही नका, वेळ नाही. मी तुम्हाला पत्र खोटं वाचून दाखवलं. थंडी, ऊन, सगळं माझ्या पदरचं. पण तुम्हाला वाटतंय ते त्यात नव्हतं. ते नव्हतं, आई. शपथ. काय होतं ते मी इथे सांगू शकत नाही, सांगितलं तर तुम्ही इथेच —

काय काका? — हो ना, बाईंनाच देतेय. धंदा आहे, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, तुम्ही नाही का विरोधकांच्या दाढ्या करत! — नको, तुम्ही कशाला, तुमचा खांदा. आई धरतायत. हो, आईच. का? म्हणजे माणुसकी म्हणून काही आहे की नाही. — ते सांगा की समितीत, जरूर सांगा, सगळ्यांना सांगा.

धरा, आई. हे टोक तुमचं. खालून तळहात, वरून बोटं, अंगापासून जरा लांब. बाई, तुम्ही पुढे. तुमच्या मागे आई. आई, इकडे लक्ष द्या, मी एकदाच सांगणार आहे. चौदा पायऱ्या आहेत, वळण डावीकडे. वर पोचलात की आधी काच खाली ठेवायची, भिंतीला टेकवायची, नीट. मगच समोर बघायचं. त्याआधी काहीही दिसलं, कुणीही दिसलं, तरी हातातली काच सोडायची नाही आणि तोंडातून आवाज काढायचा नाही. हातात काच असली की माणूस ओरडत नाही, आई, मी काल ओरडले नाही. कळलं? — नाही, आत्ता विचारू नका कोण. चाला. डोळे पुसायला हात मोकळा नाही, ते वर गेल्यावर.

बाई, चहा तसाच राहिला तुमचा. राहू दे.

काका, दारातून बाजूला व्हा. काच येतेय.